चालणाऱ्याची सही

दाढ काढल्यावर दोन तास तोंड उघडायचं नाही असं दाताच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून त्या दुपारी गालात कापसाचा बोळा दाबून मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा होतो, आणि खाली माझा सिग्नल चालू होता. माझा म्हणजे, मालकी सरकारची. पण खांब कुठे रोवायचा इथपासून हिरवा माणूस किती सेकंद दिसायचा इथपर्यंत सगळं ज्याच्या हातून झालं त्याने माझा म्हटलं तर कुणाचं काही बिघडत नाही. चौथ्या मजल्यावरून तो छान दिसतो. गाड्या थांबतात, हिरवा माणूस उजळतो, माणसं पट्ट्यांवरून पलीकडे जातात, हिरवा माणूस मिचमिचतो, गाड्या सुटतात. मी बघत होतो ते कौतुकानेच, खोटं कशाला बोलू. पट्ट्यांच्या तोंडाशी निळ्या शालीतली एक बाई उभी होती. हातात काठी, खांद्याला जड पिशवी. हिरवा माणूस आला, बाकीचे निघाले, ही उतरलीच नाही. म्हटलं, असेल कुणाची तरी वाट बघत. दुसरा हिरवा आला आणि गेला. तिसऱ्याला तिने काठी रस्त्यावर टेकली, एक पाय खाली ठेवला, आणि परत वर घेतला. चौथा हिरवा तिने नुसता बघून सोडून दिला. मग ती वळली, आणि वळताना पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेण्याची जी तऱ्हा होती ती मी ओळखली. निळ्या शाली या वसाहतीत पाच-पंचवीस बायकांकडे असतील. ती तऱ्हा एकच आहे, आणि एकतीस वर्षं ती माझ्या घरात आहे.

बायको अर्ध्या तासापूर्वी क्लासला म्हणून बाहेर पडली होती. रस्त्यापलीकडे एक शिवणशाळा आहे, तिथे ती आठवड्यातून तीन दुपारी कापड बेतायला शिकवते. सव्वीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्टर होती. चाळीस-चाळीस थर एकावर एक ठेवून कापायची आणि वरच्या सदऱ्यात आणि खालच्या सदऱ्यात सुताचा फरक नसायचा. गुडघा गेला तेव्हा कारखाना सुटला, पण कात्री सुटली नाही. पिशवीत ती तीच कात्री बाळगते, लोखंडी, हातभर, एखाद्या तान्ह्या पोराइतकी जड. ही जागा घेतली तीसुद्धा शिवणशाळा समोर आहे म्हणून. मी म्हणालो होतो, ऑफिस लांब पडेल. ती म्हणाली होती, तुम्हाला लांब काय नि जवळ काय, तुम्ही चालता कुठे, पळता. तर आता ती वळली ती घरी यायला नव्हेच. पाण्याच्या टाकीमागे बाक आहे, तिथे जाऊन बसली. पिशवी मांडीवर, काठी बाजूला. मी बघत राहिलो. खाली जावं असं मनात आलं, पण पाय उचलला नाही.

तेवढ्यात फोन वाजला. शिवणशाळेच्या व्यवस्थापक बाई होत्या. बाईंची तब्येत बरी आहे ना, त्यांनी विचारलं. तीन आठवडे झाले, मुली वाट बघून जातात, बाई फोन केला की नुसतं उद्या येते म्हणतात. आम्हालाही वाईट वाटतं, पण सोमवारपासून दुसऱ्या शिक्षिका नेमाव्या लागतील. मी कापसातून हं हं केलं. त्यांना वाटलं असेल, या घरात सगळेच आजारी आहेत. सोमवारी येणार असतील तर तसं कळवा, म्हणाल्या, आणि फोन ठेवला. तीन आठवडे. म्हणजे नऊ दुपारी ही बाई त्या बाकावर बसली होती, आणि नऊ संध्याकाळी घरी येऊन मला सांगत होती की आज बाही शिकवली, आज कॉलर शिकवली, एका मुलीने कॉलर उलटी लावली. ती मुलगी, ती उलटी कॉलर, सगळं तिने बाकावर बसून रचलं होतं. आणि मी जेवता जेवता हसलो होतो.

तीन आठवड्यांपूर्वी काय झालं होतं ते आठवायला मला डोकं खाजवायची गरज नव्हती. तीन आठवड्यांपूर्वी मी सिग्नल चालू केला होता. त्याआधी रस्ता ओलांडायचा तर वसाहतीचा वॉचमन लाल झेंडा घेऊन मधे उभा राहायचा. जाडजूड, अर्धवट झोपेतला माणूस. हाताने गाड्या थांबवायचा, आणि शेवटचं माणूस पलीकडच्या फूटपाथवर चढलं की मग झेंडा खाली. घाईत एकदा मी त्याला म्हणालोही होतो, अरे बाबा, ही काय पद्धत झाली, किती वेळ थांबवायचं याला काही हिशोब नको का? रहिवाशांनी अर्ज केले, आमच्या खात्याने मोजणी केली, सिग्नल मंजूर झाला, आणि ज्या दिवशी सिग्नल लागला त्या दिवशी वॉचमनला फाटकावर बसवलं. सगळ्यांना वाटलं, सुटलो. मलाही वाटलं.

आमच्या खात्यात एक रीत आहे, आणि ती रीत मीच रुळवली असं म्हटलं तरी चालेल. कागदावरचं गणित झालं की वेळ लावणाऱ्याने स्वतः पट्ट्यांवरून चालून बघायचं, हातात स्टॉपवॉच घेऊन, आणि वेळेच्या तक्त्यावर सही करायची. तक्त्यावर शेवटी छापलेलं असतं: प्रत्यक्ष चालून पाहिले. त्याखाली चालणाऱ्याची सही, त्याखाली हुद्दा. या शहरातल्या दोनशेहून जास्त तक्त्यांवर माझी सही आहे. ऑफिसात मला सेकंदराव म्हणतात, आणि मला ते आवडतं. टेबलावर बसून आकडे ठोकणाऱ्यांचा मला राग येतो. मी म्हणतो, उन्हात जा, डांबरावर पाय ठेवा, मग बोला. इथला रस्ता अठरा मीटर. मी अकरा सेकंदांत गेलो. नियमाने पंधरा निघत होते, पण पंधरा लावले तर गाड्यांची रांग मागच्या चौकात जाते, म्हणून चौदा लावले, आणि वर म्हणालो की चौदा म्हणजे चंगळ आहे. उद्घाटनाला रहिवासी जमले होते. मी सगळ्यांदेखत चाललो, पलीकडे पोचून वळलो आणि स्टॉपवॉच वर धरलं. टाळ्या झाल्या. बायको अलीकडेच उभी होती, मला वाटलं शेजारणींशी बोलायला थांबलीय. घरी आल्यावर विचारलं, कसं वाटलं. छान झालं, म्हणाली, आणि गुडघ्याला तेल लावत बसली.

मी भराभर चालतो. लहानपणापासून. वडील म्हणायचे, याच्या पायाला भिंगरी आहे. लग्नानंतर पहिल्यांदा दोघं फिरायला गेलो तेव्हा बोलत बोलत मी कोपऱ्यापर्यंत गेलो आणि बघतो तर शेजारी कुणीच नाही. ती वीस पावलं मागे, चपलेचा तुटलेला अंगठा हातात धरून उभी होती. किती वेळ हाका मारतेय, म्हणाली. मी ती गोष्ट पुढे कितीतरी वर्षं लोकांना हसत हसत सांगितली. मुलगी झाली, मुलगी मोठी झाली, लग्न करून दुसऱ्या देशात गेली, आणि या सगळ्या वर्षांत बाजारात, दवाखान्यात, बसच्या मागे, लोकांच्या लग्नांत मी पुढे आणि ती मागे. मी रस्ता ओलांडून जायचो आणि पलीकडून म्हणायचो, चल की, मागे काय राहिलीस? ती यायची. धापा टाकत, गाड्यांकडे बघत, पण यायची, म्हणून मला वाटायचं की येता येतं. आता खिडकीतून बाकावरचं तिचं डोकं दिसत होतं, आणि भूल उतरून दाढेच्या जागी ठणकायला लागलं होतं. खाली जायचं तर काय म्हणायचं? मी पाहिलं असं म्हणायचं? मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की माणूस किती हुशार होतो बघा, मी स्वतःला सांगितलं की डॉक्टरांनी बोलायला बंदी केली आहे.

पाच वाजून दहा मिनिटांनी किल्ली फिरली. नेहमी याच वेळेला फिरते. तिने पिशवी कपाटावर ठेवली, माझा सुजलेला गाल पाहिला, दुखतंय का विचारलं, आणि माझ्यासाठी पातळ खिमट करायला घेतलं. ढवळता ढवळता म्हणाली, आज खिसा शिकवला. आतला खिसा, जो बाहेरून दिसत नाही तो. मुलींना फार मजा वाटली. मी तिच्या पाठीकडे बघत होतो. इतकं सहज, इतकं नेटकं खोटं, जसं काही सव्वीस वर्षं तिने खोटंच बेतलं होतं. ओरडावंसं वाटलं, पण कुणावर, तेही कळेना. मी मान डोलावली. ती म्हणाली, बोलू नका, बोलू नका, कापूस हलेल.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सुट्टी. सकाळी सातला, रस्ता रिकामा असताना मी खाली गेलो आणि तिच्यासारखं चालून पाहिलं. आधी काठी घेतली, तिची जुनी, माळ्यावरची. उजवा गुडघा वाकवायचा नाही असं ठरवलं. पिशवीत दोन विटा टाकल्या. हिरवा माणूस आला, उतरलो, आणि दुभाजकापर्यंत पोचतोय तोच तो मिचमिचायला लागला. मला ठाऊक होतं की मिचमिचल्यावर अजून किती वेळ असतो. ते मिचमिचणं मीच लावलेलं होतं, आणि तरी पाय आपोआप सुटले, गुडघा वाकला, आणि मी पळत पलीकडे पोचलो. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा पळालो. नाटक करणाऱ्या माणसाकडे शेवटी धडधाकट पाय असतातच, ते दगा देतात. फाटकावरून वॉचमन बघत होता. तिसऱ्या खेपेला तो जवळ आला आणि म्हणाला, साहेब, बाईंना मी सोडू का पलीकडे? मी विचारतो त्यांना रोज. त्या नको म्हणतात.

म्हणजे वॉचमनला माहीत होतं. त्या टाकीलाही माहीत असेल. त्याच्या हातातल्या पेल्यातला चहा निवत होता आणि त्याचं तिकडे लक्ष नव्हतं, इतका तो अवघडला होता. मी त्याला म्हणालो, बघतो मी, आणि विटा टाकीजवळ ठेवून वर आलो.

ती टेबलाशी बसून कागदावर बेतकाम आखत होती, खडू आणि पट्टी घेऊन. कुणासाठी, कुणास ठाऊक. मी समोर बसलो आणि म्हणालो की काल दुपारी मी खिडकीत होतो. ती आखत राहिली. शिवणशाळेतून फोन आला होता, मी म्हणालो, सोमवारी गेली नाहीस तर दुसऱ्या बाई ठेवणार आहेत. तिने खडू खाली ठेवला. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. तिचे कान लाल झाले, रागाने होतात तसे.

"तुम्ही पाहिलंत," ती म्हणाली. "मग खाली का नाही आलात?"

या खेपेला तोंडात कापूस नव्हता. मी म्हणालो, लाज वाटली. तिने पट्टी बाजूला सरकवली. मग हळूहळू सांगायला लागली, माझ्याकडे न बघता, खडूची भुकटी बोटाने गोळा करत. पहिल्या दिवशी ती गेली होती. सगळ्यांबरोबर उतरली, सगळे पुढे गेले, आणि पलीकडच्या भागात मधोमध असताना दिवा बदलला. समोर एक गाडी होती. गाडीवाला काचेतून बघत होता. त्याने हॉर्न वाजवला नाही, काही नाही, नुसता थांबला आणि बघत राहिला, आणि शेजारच्या बाईला काहीतरी म्हणाला. त्याने हॉर्न वाजवला असता तर बरं झालं असतं, ती म्हणाली, मी चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी परत येताना तिने वसाहतीतल्या एका पोरीचा दंड धरला होता, आणि घरी आल्यावर ठरवलं की असं कुणाचे दंड धरत जायचं नाही. वॉचमनचा तरी का धरायचा? तो झेंडा घेऊन सगळ्यांना सोडायचा तेव्हा ती सगळ्यांतली एक होती. आता तो आला असता तर एकट्या तिच्यासाठी आला असता. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस. ती म्हणाली, तुम्ही दारोदार सांगत होता, चौदा म्हणजे चंगळ. तुमचा तो सिग्नल. मी कशाला विरजण घालू?

मी तिला रीत सांगितली. तक्ता, स्टॉपवॉच, सही. स्वतः चालून बघितल्याशिवाय मी आकडा लावत नाही, हे मी जरा ताठ्यानेच सांगितलं, सवयीने. तिने ऐकून घेतलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती कारखान्यात नव्या पोरांकडे पाहत असेल.

"म्हणजे दोनशे माणसांचे कपडे तुम्ही स्वतःच्या अंगावर मापं घेऊन बेतलेत," ती म्हणाली. "माप ज्याला घालायचं त्याचं घेतात हो."

रविवारभर मी त्या वाक्याबरोबर घरात वावरलो. आंघोळ करताना, दाढेवर मिठाच्या पाण्याच्या चुळा भरताना, एकेक चौक डोळ्यांसमोर यायला लागला. हॉस्पिटलसमोरचा, तिथे मी नऊ सेकंदांत गेलो होतो आणि बारा लावले होते. शाळेजवळचा. जुन्या पेन्शन ऑफिसचा. तिथे मोजणीच्या दिवशी म्हातारी माणसं फारशी दिसली नव्हती आणि मी शेऱ्यात लिहिलं होतं, वृद्धांची वर्दळ कमी. कमी कुठली, ती कडेला उभी असतील. टाकीमागे बसली असतील. त्यातल्या कुणी घरी जाऊन काय काय रचून सांगितलं असेल ते मला दिसत राहिलं, आणि दुपारी जेवण गेलं नाही.

सोमवारी सकाळी मी खात्यातल्या मॅडमसमोर उभा राहिलो. वयाने माझ्या मुलीएवढ्या आहेत, माझ्या अधिकारी. मी बायको असा शब्द न वापरता सगळं सांगायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही. त्यांनी रांगेचा प्रश्न काढला, मागच्या चौकाचा नकाशा उघडला, आणि मला माझीच जुनी वाक्यं ऐकवली, की एका सेकंदाने किती गाड्या मागे पडतात. मी म्हणालो, गाड्यांतली माणसं बसलेली असतात, मॅडम. त्यांनी नकाशा मिटला. मग म्हणाल्या, तक्त्यावर चालणाऱ्याची सही लागते, चालणारा खात्यातलाच हवा असं कुठे लिहिलेलं नाही. आज चाचणी घ्या. ज्याचं चालणं लिहाल त्याची सही आणा, मी आजच्या आज मंजूर करते. बाकीचे दोनशे काढू नका लगेच, असंही म्हणाल्या, पण ते त्यांच्या आवाजावरून तितकंसं खरं वाटलं नाही.

पावणेदोनला आम्ही दोघं खाली आलो. मी खांबाजवळची कंट्रोल पेटी उघडली. आत एक बटण असतं, ते दाबून धरलं की हिरवा माणूस जागचा हलत नाही. तिला सांगितलं, हळू जा, घाई करू नकोस, तू पोचेपर्यंत मी सोडत नाही. तिने पिशवी सारखी केली. हिरवा आला आणि ती उतरली. मी एका हाताने बटण धरलं, दुसऱ्या हाताने स्टॉपवॉच. रस्त्याच्या मधे तिला असं एकटं मी कधी पाहिलंच नव्हतं, कारण मी नेहमी पलीकडे पोचलेलो असायचो. काठी, पाय, दुसरा पाय. दुभाजकापाशी एक पायरीइतका चढ आहे, तो माझ्या लक्षात कधी आला नव्हता. चौदाव्या सेकंदाला ती जेमतेम निम्म्याच्या पुढे होती. गाड्यांत एकाने हॉर्न वाजवला, आणि तिने काठी उचलून त्याच्याकडे रोखली. मला हसू आलं आणि रडूही आलं. ती फूटपाथवर चढली. बावीस. तिने पलीकडून बोटं नाचवून विचारलं, किती? मी दोनदा दोन बोटं दाखवली. तिने चेहरा असा केला, की बघा, वाटलं होतं त्यापेक्षा बरं. आणि वळून शिवणशाळेत गेली.

तक्त्यावर बावीस लिहायला पेन काढलं आणि थांबलो. ती घाईने गेली होती. शेवटच्या चार पावलांत काठी नीट टेकलीसुद्धा नव्हती. माझ्या हातात घड्याळ आहे म्हणून ती धावली होती, मी बटण सोडणार नाही असं सांगूनही धावली होती. एकतीस वर्षांची सवय एका दुपारी थोडीच जाते. मी पेन खिशात ठेवलं आणि पाच वाजेपर्यंत तिथेच, टाकीमागच्या बाकावर बसलो. बाक फार अडचणीचा आहे, पाठ टेकत नाही.

पाचला ती पलीकडे दिसली. थकलेली, शालीवर दोरे चिकटलेले, पिशवी आता डाव्या खांद्यावर. मी पेटीच्या आड उभा राहिलो, बटण धरलं, आणि स्टॉपवॉच शर्टाच्या बाहीत लपवलं. तिला वाटलं चाचणी दुपारीच संपली. ती उतरली ती आपल्याच विचारात, ओठ हलत होते, बहुधा कुणाची कॉलर खरोखरच उलटी लागली होती. दुभाजकापाशी थांबली, श्वास घेतला, पुढे निघाली. ती फूटपाथवर चढली तेव्हा मी बटण सोडलं. सत्तावीस.

मी तक्ता तिच्यासमोर पेटीच्या दारावर धरला. तिने सत्तावीसचा आकडा पाहिला, मग माझ्या बाहीकडे पाहिलं, आणि तिला कळलं. इथे सही कर, मी म्हणालो, चालणाऱ्याची. तिने पेन घेतलं, चष्मा सारखा केला, आणि पूर्ण नाव लिहिलं, एकेक अक्षर, जसं ती खडूने कापडावर खूण करते तसं. मग खाली बोट ठेवून विचारलं, हुद्दा म्हणजे काय लिहू? मी म्हणालो, काय आहेस ते लिही. तिने लिहिलं, कटिंग मास्टर.

मी पेटीला कुलूप लावलं. मॅडमच्या ऑफिसात जायला अजून अर्धा तास होता. आम्ही फाटकाकडे निघालो, आणि मी पहिल्यांदाच तिच्या मागे चालून बघितलं. जमत नव्हतं. पाय अडखळत होते, तिच्या काठीत आणि माझ्या बुटात गुंता होत होता, म्हणून मी आणखी मागे राहिलो, आणखी मागे, वॉचमनच्या खुर्चीपर्यंत. ती जिन्यापाशी पोचली, थांबली आणि वळली.

"चला की," ती म्हणाली, "मागे काय राहिलात?"